बॅटरीविना

सिलिंडरचा काटा लाल रेघेच्या खाली उतरला तेव्हा छपरावर चांगलं कडकडीत ऊन होतं. तरीही नवऱ्याचं विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र सुरू होईना. क्रिस्पिनाने बटण तीनदा दाबून पाहिलं. वादळ होऊन तिसरा दिवस होता. दोन दिवस आभाळ भरलेलं होतं, म्हणून ती धीर धरून होती. छपरावर बारा सोलर पॅनेलं आहेत, ऊन पडलं की वीज येणारच, असंच तिने धरलं होतं. शेजारच्या मर्लिंडालाही तिने तसंच सांगितलं होतं.

मर्लिंडाला आपल्या नवऱ्याजवळ, टेओफिलोजवळ, बसवून क्रिस्पिना निघाली. पॅनेलं बसवून देणारा जुव्हेन्सियो नदीअलीकडच्या वाडीत राहायचा. एरवी अर्ध्या तासाची वाट. आडव्या पडलेल्या माडांवरून चढत-उतरत तिला सव्वा तास लागला. पूल वाहून गेला होता आणि होड्या अजून सोडत नव्हते, त्यामुळे पलीकडच्या इस्पितळाचा विचारच करायचा नव्हता.

जुव्हेन्सियो आपल्या घराचे उडालेले पत्रे गोळा करत होता. तिचं ऐकून त्याने हातातला पत्रा खाली ठेवला. छपरावरची वीज कंपनीच्या तारांना जोडलेली असते, त्याने सांगितलं. तारा बंद पडल्या की पॅनेलांची वीज घरात आणणारा भिंतीवरचा तो डबाही आपोआप बंद होतो, नाहीतर ती वीज तारांत शिरून दुरुस्तीला खांबावर चढलेला माणूस मरायचा. मग ऊन कितीही असो.

"मग लोक काय करतात?"

"बॅटरी घेतात, नांग," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. "मी नोंग टेओंना म्हटलं होतं. खर्च जवळजवळ दुप्पट होतो, पण घरात कुणी आजारी असेल तर घ्याच, म्हटलं."

"मग?"

जुव्हेन्सियोने तिच्याकडे पाहायचं टाळलं. "कुणी आजारी नाही म्हणाले."

टेओफिलो तेव्हा जुव्हेन्सियोच्या दुकानात एकटाच आला होता. नाकात नळी नव्हती. दोन शब्द बोलायचा आणि बराच वेळ गप्प बसायचा. म्हातारा घासाघीस करतोय असं जुव्हेन्सियोला वाटलं होतं. त्याने आपणहून दोनदा किंमत उतरवली होती. पॅनेलं बसवायला आला, तेव्हा ठोकाठोकीचा त्रास होतो म्हणून यंत्र होतं त्या आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं.

त्याने आपल्या तीनचाकीची बॅटरी काढली, घरातला एक छोटा इन्व्हर्टर घेतला आणि तिच्याबरोबर निघाला. ते पोचले तेव्हा सिलिंडर संपला होता. टेओफिलो मांडीवरच्या उशीवर ओणवा होऊन बसला होता. ओठ निळसर पडले होते. जहाजदुरुस्तीच्या गोदीत तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, पण खांदे आता हँगरला अडकवल्यासारखे दिसत होते.

यंत्र घरघरलं. मर्लिंडाने छातीवर क्रूस काढला. नऊ मिनिटांत बॅटरी उतरली आणि ते पुन्हा बंद पडलं. जुव्हेन्सियो गावात धावला आणि आणखी दोन बॅटऱ्या घेऊन आला. एक चार मिनिटं चालली. दुसरी पुराच्या पाण्यात भिजली होती.

क्रिस्पिना नवऱ्यासमोर जमिनीवर बसली. ओरडायचं असं ठरवूनच ती वाटेने आली होती. पण आवाज चढला नाही.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं," तो म्हणाला. मग थांबला. "तर तू घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"मी किती दिवस, पिनांग." त्याने दोनदा श्वास ओढून पाहिला. "पॅनेलं पंचवीस वर्षं चालतात."

तिने त्याचा हात उशीवरून काढून आपल्या हातात घेतला. तो गार होता. यंत्र दिवसरात्र चालायचं आणि विजेचं बिल त्याची पेन्शन खायचं, हे तिला माहीत होतं. पण बिल आलं की तो ते वाचत किती वेळ बसायचा, ते आज तिला आठवत राहिलं.

थोड्या वेळाने त्याने नजरेनेच जुव्हेन्सियोला जवळ बोलावलं आणि वर बोट दाखवलं. जुव्हेन्सियोला कळायला क्षणभर लागला. मग तो शिडी लावून वर चढला. पॅनेलांवर चिकटलेला पालापाचोळा हाताने बाजूला करत त्याने एकेक पाहिलं. उतरून दारात उभा राहिला.

"एकही फुटलं नाही, नोंग."

टेओफिलोने मान हलवली. अडीचच्या सुमारास तो गेला. कौलाच्या फटीतून ऊन थेट अंथरुणावर येत होतं, म्हणून क्रिस्पिनाने उठून तिथे चादर बांधली. मग ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि अंधार पडेपर्यंत कुणालाही तिने त्याला हलवू दिलं नाही.

तारा जोडून व्हायला पाच आठवडे लागले. पुढे दोन महिन्यांनी बिल आलं, ते जवळजवळ नव्हतंच. मर्लिंडा तांदळाचं पीठ मागायला आली होती. पीठ घेऊनही ती दारात घुटमळली. तिच्या घरीही पॅनेलं बसवायचं चाललं होतं. विचारू की नको करत, ओसरीवरच्या कोंबड्यांकडे बघत तिने शेवटी विचारलं, की हे खरंच परवडतं का.

क्रिस्पिनाने बिल तिच्या हातात दिलं.

"तुझ्याकडे सगळ्यांना नीट श्वास घेता येतो ना?"

मर्लिंडाने होकारार्थी मान हलवली.

"मग परवडतं."