सत्तर हजार व्होल्टचा एक क्षण

मंगळावरच्या वस्तीला धुळीनं वेढून वीस दिवस झाले होते. सौरपट्ट्या आंधळ्या झाल्या होत्या आणि क्ष-किरण यंत्राला जेमतेम चाळीस हजार व्होल्ट मिळत होते. यंत्र चालवणाऱ्या कुमुदिनीनं नवऱ्याच्या छातीचं तिसरं चित्र पाहिलं. तेही नुसतं पांढरंफटक होतं. खडक फोडताना हणमंताच्या छातीत घुसलेली पोलादाची कपची त्यात दिसत नव्हती, आणि ती दिसल्याशिवाय डॉक्टर पिरजादे सुरी लावणार नव्हते.

"ताई, जास्त वेळ चालू ठेवून बघा ना," ते म्हणाले.

"त्यानं किरण वाढतील, जोर नाही वाढणार. व्होल्ट कमी म्हणून इलेक्ट्रॉन मरगळलेत, म्हणून किरणांची लहर लांब. ती मांसातच अडकते."

"मांस तूच चढवलंस, कुमू," हणमंत कसाबसा म्हणाला.

"गप्प पड रे."

तिनं वस्तीतल्या दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या यंत्राला जोडल्या. सत्तर हजार मिळणार होते, पण एकदाच. त्यानंतर यंत्रातली किरणांची जुनी नळी टिकणार नव्हती.

"श्वास घे. रोखून धर."

तिनं कळ दाबली. चित्र निघालं आणि नळी फुटली. पडद्यावर डाव्या तिसऱ्या बरगडीखाली कपची लख्ख दिसली. डॉक्टरांनी बोट ठेवलं, कुमुदिनीनं जागा मोजली, पुन्हा मोजली. मग ती वळली. हणमंताची छाती अजून फुगलेलीच होती, ओठ निळे पडले होते आणि डोळे तिच्यावर खिळले होते. तीस वर्षं ती प्रत्येक पेशंटला शेवटी एक शब्द सांगत आली होती. आज तोच राहून गेला होता.

"सोड! अरे सोड ना, बाबा!"

छाती हळूहळू खाली बसली.

"केव्हाची वाट बघतोय," हणमंत म्हणाला.