दुसरा पाइप

“एक की दोन, साहेब?” मिस्त्रीने तिसऱ्यांदा विचारलं.

“दोन,” धाकट्या जावयाने तिसऱ्यांदा सांगितलं.

गाडी वर उचलून धरली होती आणि तो तिच्या पोटाखाली उभा होता. लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. मागे सायलेन्सरचा पाइप एकच. घेतली तेव्हा त्याला तो पुरेसा वाटला होता. मग दोन महिन्यांनी त्याच्या थोरल्या साडूने गाडी घेतली. तीच कंपनी, तोच लाल रंग, फक्त मागे पाइप दोन. तेव्हापासून धाकट्याला आपली गाडी एकाच नाकपुडीने श्वास घेतेय असं वाटू लागलं होतं.

दर रविवारी दोघेही जावई सासऱ्यांकडे जेवायला जायचे. साडूची गाडी गल्लीत शिरली की सासरे हातातला पेपर टाकून गॅलरीत यायचे आणि हात हलवायचे. एक नाही, दोन्ही. निवडून आल्यासारखे. धाकटा कोपऱ्यावर गाडी लावता लावता हे बघायचा. तो वर जाऊन बेल वाजवायचा तेव्हा सासरे दार उघडून विचारायचे, “अरे, आलात? कशाने आलात?”

सहा महिने हेच. बायको म्हणायची, “बाबांना हल्ली ऐकू कमी येतं हो.” साडूचं बरं ऐकू येत होतं.

“या इंजिनाचा धूर एका पाइपातून आरामात जातो,” मिस्त्री म्हणाला. “दुसरा नुसता वजनाला.”

“आणि दिसायला?”

“दिसायला छानच. पण तुम्ही आपल्या गाडीमागून चालत जाता का कधी?”

मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत. गिऱ्हाइकाचे डोळे बांधून त्याला आवाज ऐकवल्याशिवाय तो सायलेन्सरला हात लावत नसे. डोळे उघडे असले की माणूस शेजाऱ्याच्या वस्तूवर जातो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने गाडी खाली घेतली आणि आवारात आणून लावली. तिथे दातांच्या डॉक्टरची अगदी तसलीच गाडी उभी होती, दोन पाइपांची. धाकट्याला दहा पावलं मागे स्टुलावर बसवलं. डोळ्यांवर फडकं बांधलं, मिस्त्रीच्या मते धुतलेलं. मग डावं-उजवं कळू नये म्हणून स्टूल चार वेळा गरागरा फिरवलं. टायर बदलायला आलेल्या दोन बायका आपलं काम विसरून बघत राहिल्या.

पहिली गाडी सुरू झाली. घसा बसलेल्या माणसाने भांडण उकरून काढावं तसा आवाज.

“ही माझी,” धाकटा कसनुसा होऊन म्हणाला. “बंद करा. लाज वाटते.”

मग दुसरी. हा आवाज आधी छातीत शिरला, मग कानात. जाड, शांत, कुणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नसल्यासारखा. यासाठीच तर धाकटा सहा महिने जळत होता.

“हाच!” तो स्टुलावरून उठलाच. “हाच त्याचा आवाज! झोपेतसुद्धा ओळखेन मी!”

त्याने फडकं ओढून काढलं. धूर त्याच्याच गाडीतून येत होता. एका पाइपातून.

“स्वतःची गाडी बाहेरून ऐकायला मिळते कुणाला?” कानसेन म्हणाला. “तुम्ही कायम आत. काचा वर.”

धाकटा गाडीजवळ गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला ती देखणी वाटली. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “राहू दे मग एकच,” तो म्हणाला आणि किल्ली मागून घेतली.

गोष्ट इथे संपायला काही हरकत नव्हती. पण मिस्त्री खूश झाला होता, आणि तो खूश झाला की फार बोलायचा.

“तुमच्या साडूंनीही हाच आवाज निवडला. काल, याच स्टुलावर बसून. त्यांचा दुसरा पाइप कालच काढला.”

किल्ली दाराजवळ थबकली. “काढला? का?”

“वैतागले होते हो. सासरे म्हणे दर रविवारी गॅलरीत येतात आणि दोन्ही हात हलवतात. बंद कर तो भोंगा, म्हणून.”

धाकट्याने हिशोब मांडला. म्हणजे येत्या रविवारी साडूची गाडी हुबेहूब त्याच्या गाडीसारखी वाजणार. सासरे दोघांनाही विचारणार, कशाने आलात. म्हणजे बरोबरी. बरोबरी झाली की माणसाला समाधान वाटायला हवं. त्याने मनात सगळीकडे शोधलं, समाधान कुठे सापडेना. गॅलरी मात्र लख्ख दिसत होती. रिकामी.

“पण हलवतात ना?” त्याने विचारलं.

“काय?”

“हात. दोन्ही.”

“हलवतात की.”

“दोन लावा.”

मिस्त्रीने वाद घातला नाही. तो आत गेला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला एक पाइप काढून घेऊन आला. पुसून चकचकीत केलेला. त्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली होती.

“काल ठेवून गेलेत,” तो म्हणाला.

साडूचं वळणदार अक्षर धाकट्याने लांबूनच ओळखलं.

‘धाकट्या साडूंसाठी. रविवारच्या आत बसवणे.’