चिखल घरात आणायचा नाही

व्हर्नाने खारवलेल्या डुकराच्या चरबीत कांदा परतला, त्यात बटाटे शिजवले आणि शिंपल्यांतून सोललेल्या तिसऱ्या टाकल्या. सकाळच्या ओहोटीला धाकट्या मुलाने, ऑरिनने बादलीभर आणून दिल्या होत्या. आता क्रीम ओतायचं आणि चाउडरपासून, त्या दाट रश्शापासून, हलायचं नाही. उकळी फुटली की नासलंच म्हणून समजायचं.

तेवढ्यात थोरला मर्ल आला. तिसऱ्या खणायचं आखूड दांड्याचं दाताळं त्याने बाहेर भिंतीला, ऑरिनच्या दाताळ्याशेजारी टेकवलं आणि बूट पुसून आत शिरला. घरात नियम म्हणाल तर हा एवढाच, चिखल आणि अवजार उंबऱ्याबाहेर. नवऱ्यामागे दोन दांडगी पोरं वाढवताना व्हर्नाने तो त्यांच्या अंगी मुरवला होता.

मर्ल हात धुवायला मोरीशी गेला आणि तिथले शिंपले बघून थांबला. सगळे अर्धवट वाढलेले, अंगठ्याएवढे. तीन वर्षांपूर्वी त्याने खाडीच्या तोंडाशी तिसऱ्यांची पिल्लं पेरली होती, वर जाळी अंथरली होती, गोठत्या पाण्यात उभं राहून खेकडे हुसकावले होते. एवढ्या लहान तिसऱ्या एरवी कुणी खणत नसे; म्हणजे या त्याच्याच जाळीखालच्या.

"जाळी फाडलीस?" त्याने विचारलं.

"उचलली," टेबलाशी बसलेला ऑरिन न उठताच म्हणाला. "खाडी काय तुझ्या एकट्याच्या नावावर आहे? आईला चाउडर खावंसं वाटलं."

"किती काढल्यास?"

"होत्या तेवढ्या."

मर्लने त्याचं मानगूट धरून तोंड टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. ऑरिनने कोपर हाणून त्याचा ओठ फोडला, खुर्ची मोडली, दोघं शेगडीवर येऊन आदळले आणि पातेलं हिंदकळलं.

"घरात नाही," व्हर्ना वळूनही न पाहता म्हणाली. "काय तो धिंगाणा बाहेर घाला."

लहानपणापासून ती हेच सांगत आली होती. पोरं बाहेर जायची, दमेपर्यंत एकमेकांना बडवायची आणि परत येऊन एकाच पातेल्यातलं गपगुमान जेवायची. आजही दोघं निमूट बाहेर गेले.

तिने क्रीम ओतलं, आच बारीक केली, दोन वाडगे काढले. बाहेर शिव्या चालल्या होत्या. मग भिंतीवर लाकूड घासल्याचा आवाज झाला.

दोन्ही दाताळी तिथेच होती, तिच्याच नियमाने ठेवलेली. पळी टाकून ती दाराकडे धावली. ऑरिन एकदा ओरडला. मग त्याचा आवाज आला नाही.

तिने कडीला हात घातला तोच दार बाहेरून उघडलं. मर्ल उभा होता, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. त्याने पायपुसण्यावर आधी उजवा बूट पुसला, मग डावा. मागे शेगडीवर चाउडर खदखदायला लागलं होतं.

"दाताळं बाहेरच ठेवलंय, आई," तो म्हणाला.