शाईची तक्रार

“मितेश, तुझी शाई खराब हाय. चार टी-शर्ट छापले की जाळीतच सुकते, अक्षरं तुटतात,” सिताराम फोनवर करवादला. इतक्या वर्षांतली ही त्याची पहिलीच तक्रार, म्हणून शाईवाला मितेश स्वतः त्याच्या तुर्भ्याच्या छपाईच्या गाळ्यावर आला. त्याने डबा ढवळून पाहिला, छपाईच्या स्क्रीनची जाळी उजेडात धरून पाहिली. दोन्हींत काहीच खोट नव्हती.

“एक छापून दाखवा ना, काका.”

सितारामने टेबलावर टी-शर्ट चढवला, त्यावर स्क्रीन टेकवली, रबरी पट्टीने शाई ओढली आणि म्हणाला, “उचल गं.”

स्क्रीन जागची हलली नाही. टेबलापलीकडे नुसतं स्टूल होतं आणि त्यावर दोन महिन्यांपूर्वी वारलेल्या त्याच्या बायकोचा, गिरजाबाईचा, डागाळलेला ॲप्रन. मग सिताराम वळसा घालून पलीकडे गेला, स्क्रीन उचलली, टी-शर्ट काढला आणि परत आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. तोवर जाळीतली शाई सुकायला लागली होती.

“बघितलंस?”

मितेशने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

“हो काका, शाईच खराब आहे. उद्या दुसरी आणून देतो.”