नवी सहाण

दुपार कलली तरी बाळ उठेना. दुधानं माझा ब्लाऊज भिजला. ‘सकाळच्या घुटीनं झोपलंय, भिऊ नगंस,’ सासूबाई म्हणाल्या. ‘सहाणंवर जायफळाचं दोनच येढं दिल्यात. माजी पोरं त्येवढ्यावरच वाढली. कालिजवालीला आनि काय पुरावा पायजे?’ मी बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. नुसते ओठ हलले. कोनाड्यात नवी सहाण होती. जुनी फुटली म्हणून ह्यांनी कालच आणलेली. तिच्यावरून बोट फिरवलं. कानशीसारखी खरखरीत! जायफळ एकीकडून सपाट झालेलं. ‘आत्या, जुनी किती गुळगुळीत होती!’ सासूबाईंनी दगडावर अंगठा घासला. ‘आगं बया, दोन येढ्यांत केवढं उतरलं आसंल!’ इस्लामपूरच्या दवाखान्याकडे जीप धावताना त्या बाळाला चिमटे काढत होत्या. वाटेत आष्ट्यात त्यानं टाहो फोडला. ‘माघारी वळवू?’ ड्रायव्हरनं विचारलं. ‘नगं,’ म्हणत आत्यांनी पदराखालची सहाण काढली. ‘डाक्टरला ही दावायचीय.’