सायकलची थाप

डॉक्टरांनी माझ्या बारा वर्षांच्या लेकीच्या तोंडातला आरसा बाहेर काढला. “ताई, हे दात न घासल्यामुळे झालेलं नाही. दातांवरचं आवरणच जन्मतः कच्चं आहे. हा दोष आईवडिलांकडून येतो. घरात आणखी कुणाचे दात असे पिवळे, झिजलेले आहेत का?”

“कुणाचेच नाहीत,” बायको म्हणाली. शर्वरी आळशी आहे असं समजून सात वर्षं रोज सकाळी तीच तिचे दात मिठाने घासून द्यायची. पोरगी कळवळायची, मी पेपरात तोंड घालून बसायचो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“यांची कवळी आहे. तरुणपणी सायकलवरून पडले होते,” उत्तरही बायकोनेच दिलं.

लग्नासाठी मुली बघायला जाण्याआधी मी तालुक्याला जाऊन सगळे दात काढून घेतले होते. सायकलची थाप तेव्हापासूनची.

“सायकल नव्हती,” मी म्हणालो. “माझेही असेच होते.”

बायको आपल्या बोटांकडे बघत राहिली. शर्वरी मात्र खुर्चीत उठून बसली.

“बाबा, म्हणजे मीठ किती झोंबतं ते तुम्हाला माहीत होतं?”