वजनकाट्याचे नवे सेल

"तिनं आणलेले सेल बघ, अजून चालतायत," वजनकाट्यावरून उतरत नवरा कौतुकानं म्हणाला. त्याच्या दुसऱ्या बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिली वारून दोन वर्षं झाली, तरी तिचे सेल घरभर नांदत होते.

"सगळ्यात जास्त टिकणारे रिचार्जेबल सेल द्या, आणि चार्जरही दणकट," तिनं दुकानदाराला बजावलं.

संध्याकाळी जुने सेल काढून तिनं वजनकाट्यात चार्ज झालेले नवे बसवले आणि तो जमिनीवर ठेवला. रिकाम्या काट्यावर आकडा आला.

"बावन्न?" तिच्या तोंडून निघालं.

"तिचं असायचं तेवढं," नवरा बाहेरून हसला. "तू कधी गं एवढी बारीक झालीस?"

ती अजून काट्यावर चढलीच नव्हती.

तेवढ्यात आकडा शून्यावर आला. कुणीतरी खाली उतरलं होतं.